केशरी रेघ: टॉर्क सील चार वर्षं वापरल्यावर

बोटभर लांबीची मऊ ट्यूब, पुढे बारीक तोंड, आत घट्ट चकचकीत रंग. नट हवा तेवढा आवळून झाला की नटावरून शेजारच्या न हलणाऱ्या भागापर्यंत या रंगाची एक रेघ ओढायची. रंग वाळून ठिसूळ होतो. पुढे कधी नट जरासा जरी फिरला, तरी रेघ तडकते आणि पाहणाऱ्याला कळतं. टॉर्क सील एवढंच काम करतं. घरी विमान बांधणाऱ्या प्रत्येकाच्या पेटीत एखादी ट्यूब असतेच, आणि बहुतेकांची तोंडाशी सुकलेली असते. माझीही होती. सात वर्षं खपून मी दोन आसनांचं अॅल्युमिनियमचं विमान बांधलं, हजारो रिव्हेट ठोकले, पण ही रेघ मी मनाला येईल तशी ओढायचो. इंजिनावर ओढायचो, बाकीकडे राहून जायची.

माझा मित्र तसा नव्हता. तो प्रत्येक नटावर रेघ ओढायचा, तीही एका दिशेने, म्हणजे झाकण उघडून टॉर्च मारली की सगळ्या रेघा एकदम दिसाव्यात. मी त्याला म्हणायचो, "अरे, नुसता नट आहे, देवाला गंध लावल्यासारखं काय करतोस?" तो हसायचा आणि पुढच्या नटाकडे वळायचा.

त्याच्या विमानाचे चाचणीचे ४० तास व्हायचे होते, अकरावा चालू होता. या काळात विमानात प्रवासी घ्यायचे नसतात, आणि तो एकटाच होता. दोन दिवस आधी त्याने इंधनाचा फिल्टर काढून साफ केला होता. नव्या विमानात हे लवकर करावंच लागतं, कारण टाकी बांधताना राहिलेला धातूचा कीस आणि सीलंटचे कण पहिल्या काही तासांत फिल्टरमध्ये येऊन बसतात. लॉगबुकमध्ये त्याच्या सुबक अक्षरात नोंद आहे: फिल्टर साफ केला, परत बसवला. उड्डाण केल्यावर साधारण तीनशे फुटांवर इंजिन थांबलं. त्याने मागे धावपट्टीकडे वळायला घेतलं, विमान वळणातच स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल सुटली, आणि पडलं.

तपास करणाऱ्यांनी काढलेले फोटो आम्हाला बऱ्याच महिन्यांनी पाहायला मिळाले. चुरगळलेल्या पत्र्यातही केशरी रेघा दिसत होत्या. इंजिन माउंटच्या बोल्टांवर, ब्रेकच्या नळ्यांवर, इंधनाच्या व्हॉल्व्हवर, जिथे पाहावं तिथे, सगळ्या एका दिशेने. फिल्टरच्या एका टोकाचा नट तेवढा कोरा होता. तो हातानेच फिरला, असं अहवालात लिहिलं आहे.

नट ठरावीक जोराने आवळायचा त्याचा पाना, इंच-पाउंडचा टॉर्क रेंच, त्या आठवड्यात माझ्याकडे होता.

हे इथे लिहायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. तो नट त्याने रेंचसाठी थांबवून ठेवला होता की दुसऱ्या कुठल्या कामात विसरला, हे कोणीच सांगू शकणार नाही. पण मी या ट्यूबबद्दल लिहितोय आणि हे सांगत नाही, असं करणं मला जमलं नाही.

आता त्या जोडाबद्दल, कारण टॉर्क सीलची खरी गरज तिथेच कळते. विमानातल्या इंधनाच्या नळीचं टोक ३७ अंशांत फाकवलेलं असतं. त्याला फ्लेअर म्हणतात. नट आवळला की हा फ्लेअर समोरच्या फिटिंगच्या शंकूवर दाबून बसतो. ३/८ इंचाच्या मऊ अॅल्युमिनियमच्या नळीला ७५ ते १२५ इंच-पाउंड टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, सांगितलेला आहे. त्याहून कमी आवळला तर इंजिनाच्या थरथरीने नट सैल होत जातो, आणि जास्त आवळला तर फ्लेअर चेपून पातळ होतो व पुढे तिथेच चीर पडते. गोम अशी की बोटांनी घट्ट केलेला नट आणि १०० इंच-पाउंडांनी आवळलेला नट दिसायला अगदी सारखे असतात. डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरी फरक कळत नाही.

पंख खाली असलेल्या विमानात टाक्या पंपाच्या खालच्या पातळीत असतात. पंप पेट्रोल ओढून घेतो. त्यामुळे पंपाच्या अलीकडचा जोड सैल असला तर तिथून पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही. उलट हवा आत ओढली जाते. खाली वाकून पाहावं तर सगळं कोरडं, वास नाही, डाग नाही. जमिनीवर कमी थ्रॉटलला इंजिन सुरळीत चालतं, कारण पंप फारसा ओढत नाही. पूर्ण ताकदीला ओढ वाढते आणि पेट्रोलबरोबर हवेचे बुडबुडे जायला लागतात. म्हणून गळती नाही ना, एवढं पाहून भागत नाही. नटाला शेवटचा हात लागला की नाही, हे सांगणारी दुसरी काहीतरी खूण लागते.

मागे वळण्याबद्दलही सांगतो, कारण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत "तो वळला का?" हा प्रश्न मला पाच जणांनी विचारला. ४५ अंशांच्या वळणात उंची टिकवायची तर पंखांवर १.४१ पट भार येतो आणि स्टॉलचा वेग साधारण १९ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होणारं विमान तिथे ६० च्या जवळच स्टॉल होतं. हे गणित त्याला तोंडपाठ होतं. इंजिन बंद, नाक नुकतंच वर, वेग झपाट्याने उतरतोय आणि मागे दिसते आहे ती धावपट्टी. हे त्या पाच जणांनाही माहीत होतं. प्रश्न विचारणारे निर्दय नव्हते. माझ्या हातून असं होणार नाही ना, एवढंच प्रत्येकाला ऐकायचं होतं. आमच्यात कोणी गेलं की पहिले दोन तास सगळे तज्ज्ञ होतात. रडू त्यानंतर येतं.

पुढच्या शनिवारी कोणी कोणाला बोलावलं नव्हतं, तरी हँगरमध्ये चौदा जण जमले. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकांनी स्वतःच्या विमानाचं काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडलं, टॉर्च माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू बघ. मी बघितलेलं मला आता पुरत नाही." त्या दिवशी आम्ही एकमेकांची विमानं तपासली, आपलं स्वतःचं कोणीच नाही. नऊ विमानांत चार नट सैल मिळाले. त्यातला एक माझा होता, तेलाच्या कूलरचा. त्यावर रेघ नव्हती.

आता खऱ्याखुऱ्या वापराबद्दल. सुटं फिटिंग बाकावर पकडून मी मुद्दाम चाचणी घेतली. नट टॉर्कला आवळला, रेघ ओढली, रात्रभर वाळू दिली आणि पान्याने अगदी हळू सैल करत गेलो. नट फिरल्याचं हाताला जेमतेम जाणवलं, तोवर रेघेत केसाएवढी आडवी चीर पडली होती. आणखी थोडा फिरवला तर चिरेच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकल्या आणि एक कपची उडून बाकावर पडली. हाच प्रयोग नखांच्या पॉलिशने केला. ते ताणलं गेलं, कडेने थोडं सुटलं, पण इतकं स्वच्छ तुटलं नाही. मार्करच्या पेनाने ओढलेली खूण तर जराशा फिरण्याने ओळखूच येत नाही, आणि तेलाच्या फडक्याने पुसली जाते. पॉलिशने काम भागवणारे बरेच आहेत. माझं मत विचाराल तर भागवू नका.

रेघ ओढण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलाचा हात लागलेल्या धातूवर रंग बसतो, पण नुसता वर तरंगतो आणि आठवड्यात आख्खाच्या आख्खा निघून येतो. तो निघालेला पाहून नट फिरला की काय, या शंकेने अर्धा दिवस जातो. रेघ दोन-तीन मिलिमीटर रुंद पुरे. काही जण नटाला रंगाने न्हाऊ घालतात. त्यात चीर शोधणं कठीण जातं, आणि पुढे पाना बसत नाही तो त्रास वेगळा. रेघेचं दुसरं टोक खरोखर न हलणाऱ्या भागावरच टेकायला हवं. नट आणि वॉशर यांच्यावरच रेघ ओढलेली मी पाहिली आहे. वॉशर नटाबरोबर फिरला तर ती रेघ शाबूत राहते आणि तुम्हाला खोटं सांगते.

दोषही आहेत. ट्यूब एकदा उघडली की फार टिकत नाही. टोपण घट्ट लावलं तरी तोंडाशी खडा धरतो, तो टाचणीने काढावा लागतो. बरेच दिवस पडून राहिली तर आधी पाणचट द्रव येतो आणि रंग मागे राहतो, म्हणून वापरण्यापूर्वी बोटांनी चांगली मळून घ्या. एक्झॉस्टच्या जवळ केशरी रंग वर्षभरात तपकिरी पडतो आणि तिथली चीर टॉर्चशिवाय दिसत नाही. साफसफाईच्या कडक सॉल्व्हंटने रेघ विरघळते, तेव्हा इंजिन धुतल्यावर सगळ्या रेघा पुन्हा पाहाव्या लागतात.

आणि जी गोष्ट ट्यूबवर ठळक छापायला हवी ती ही: टॉर्क सील नट धरून ठेवत नाही. ते थ्रेडलॉकर, म्हणजे आटे चिकटवणारा डिंक, नव्हे. नट फिरू नये म्हणून बांधतात त्या सेफ्टी वायरची जागाही घेत नाही. नट किती आवळला होता हेही त्याला माहीत नसतं. चुकीच्या टॉर्कला आवळलेल्या नटावरही रेघ तेवढीच सुंदर दिसते. त्यामुळे माझा एकच नियम आहे. रेंच खाली ठेवायचा आणि त्याच क्षणी, त्याच हाताने रेघ ओढायची. आधी सगळे नट आवळू आणि मग सगळ्यांवर रेघा ओढू, असं अजिबात नाही. आवळण्याआधी तर नाहीच नाही. असं केलं तरच कोऱ्या नटाला अर्थ राहतो. कोरा नट म्हणजे काम अपुरं, मग फोन येवो, पाऊस येवो की कोणी पाहुणा. माझा मित्र हा नियम तंतोतंत पाळत होता. त्याचा तो एक नट खरं सांगत होता. उड्डाणापूर्वी त्याच्याकडे पाहायला दुसरं कोणी तिथे नव्हतं.

अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांच्या सुरक्षिततेवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अपघातांची प्रमुख कारणं म्हणून त्यात हवेत ताबा सुटणं आणि इंजिनाची ताकद जाणं ही दोन पुढे आली. मी तो अभ्यास मित्र असतानाच वाचला होता, दोघांनी मिळून चर्चाही केली होती. त्याच्या अपघातात पहिलं दुसऱ्याच्या पाठीवर बसून आलं. तेव्हापासून तो अभ्यास मी उघडलेला नाही.

अमेरिकेतल्या ऑशकॉशला, जिथे एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन या हौशी विमानवाल्यांच्या संघटनेचा उन्हाळी मेळावा भरतो, तिथे एक मेमोरियल वॉल आहे. गेलेल्या माणसांच्या नावांच्या पाट्या त्या भिंतीवर ओळीने लावलेल्या आहेत. त्याची पाटी तिथे लागावी असं आम्ही ठरवलं, तर वहिनी म्हणाल्या, "लावा. पण तो सगळ्यात जास्त तुमच्या हँगरमध्ये असायचा." नंतर एक दिवस त्या त्याची हत्यारांची पेटी घेऊन आल्या. मी टॉर्क रेंच परत द्यायला गेलो होतो तेव्हा त्यांनी तो घेतला नव्हता. आता पेटीसकट माझ्यापुढे ठेवला. पेटीत वरच्याच कप्प्यात केशरी टॉर्क सीलची ट्यूब होती, शेवटापासून नीट गुंडाळत आणलेली, तोंडाला टाचणी खोचलेली.

ती ट्यूब मी दीड वर्ष वापरली. गुंडाळत गुंडाळत पार गळ्यापर्यंत आणली. शेवटच्या रंगातून दोन रेघा निघाल्या, त्या माझ्या फिल्टरच्या दोन टोकांना ओढल्या. आता मी दोन रंग ठेवतो. बांधताना ओढलेल्या रेघा केशरी आहेत, आणि नंतर दुरुस्तीत हात लागलेला प्रत्येक नट पिवळा होतो, म्हणजे कुठला जोड उघडला गेला होता ते एका नजरेत कळतं. विकत घेणार असाल तर लहान ट्यूब घ्या, एकदम मोठा साठा करू नका, आणि रंग उठावदार निवडा. निळा रंग निळ्या अॅनोडाइज्ड फिटिंगवर दिसत नाही, ही चूक मी करून झालो आहे.

गेल्या आठवड्यात फिल्टर साफ करायची वेळ आली. नट सोडवताना त्या दोन केशरी रेघा तुटणार होत्या. मी काकांना फोन केला. ते आले, शेजारी स्टूल घेऊन बसले. मी पाना लावला, रेघा तडकल्या. फिल्टर धुतला, बसवला, रेंच १०० वर लावून दोन्ही टोकं आवळली आणि पिवळी रेघ ओढली. काकांनी टॉर्च मारून दोन्ही नट पाहिले, लॉगबुकात माझ्या सहीखाली स्वतःची सही केली आणि मग आम्ही काउलिंग लावलं.