रिव्हर्स स्प्लिट आणि पडद्यावरचा वीसपट नफा

व्हॉट्सॲपवरील एका समूहाच्या ‘सल्लागारा’ने मला अमेरिकेतील नॅसडॅक बाजारातल्या एका छोट्या कंपनीचे 2,000 शेअर्स 30 सेंट भावाने घ्यायला लावले. कंपनी लवकरच दर वीस शेअर्सचा एक शेअर करणार (यालाच रिव्हर्स स्प्लिट म्हणतात) असून भाव थेट सहा डॉलरवर जाईल, असे त्याने सांगितले. दाखला दिला तो जनरल इलेक्ट्रिकचा. त्या कंपनीने 2021 च्या ऑगस्टमध्ये दर आठ शेअर्सचा एक केला आणि सुमारे 13 डॉलरचा भाव शंभरापलीकडे गेला, हे खरेच आहे. मात्र त्याच वेळी प्रत्येक भागधारकाकडील शेअर्सही एक अष्टमांश झाले, हे त्याने शिताफीने लपवले.

स्प्लिट अमलात आले त्या संध्याकाळी ॲपवर भाव नवा दिसत होता आणि शेअर्सची संख्या जुनीच होती, कारण खात्यातील नोंद बदलायला ब्रोकरला थोडा वेळ लागतो. त्यामुळे 600 डॉलरच्या जागी 12,000 डॉलर दिसत होते. नेमका तेव्हाच सल्लागाराचा फोन आला : नफ्याच्या दहा टक्के, म्हणजे 1,140 डॉलरइतके रुपये ताबडतोब यूपीआयने पाठवा, नाहीतर शेअर्स कधी विकायचे याचा निरोप मिळणार नाही. पैसे गेले, आणि नोंद दुरुस्त झाली तेव्हा खात्यात 100 शेअर्स उरले होते. गुंतवणुकीच्या जवळजवळ दुप्पट रक्कम केवळ ‘शुल्क’ म्हणून उकळली गेली होती.

अशा कंपन्या हा मार्ग का धरतात, हे समजून घ्यायला हवे. नॅसडॅकवर एखाद्या शेअरचा भाव सलग 30 कामकाजी दिवस एका डॉलरच्या खाली राहिला, तर कंपनीला नोटीस मिळते आणि बाजारातील नोंदणी रद्द होऊ नये म्हणून भाव वर दाखवणे भाग पडते. स्प्लिटने भाव वाढतो. धंदा, कर्ज आणि तोटा आहे तिथेच राहतो. शिवाय बाजारातील शेअर्स आटले तरी कंपनीला जास्तीत जास्त किती शेअर्स काढता येतील ही मर्यादा पुष्कळदा तशीच ठेवली जाते, म्हणून लगोलग नवे शेअर्स विकले जातात आणि जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो. मलन ऑटोमोटिव्ह या कंपनीने 2023 या एकाच वर्षात 25, 9 आणि 100 शेअर्सचा एक असे तीन वेळा केले, म्हणजे वर्षारंभीच्या 22,500 शेअर्सचा अखेरीस एक शेअर उरला.

भारतातील शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमांनुसार नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराला एक तर ठरावीक रक्कम किंवा सल्ल्याखालील मालमत्तेच्या मर्यादित टक्क्यांइतके शुल्क घेता येते. नफ्यात वाटा मागता येत नाही. कोणी तसा मागितला, तर सेबीच्या संकेतस्थळावर त्याची नोंदणी तपासा. पैसे गेले असतील, तर त्याच क्षणी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत समोरच्या खात्यातील रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.