पायोनिअर एसएक्स-७५०: आतले पार्ट बदलून सात-आठ महिने वापरल्यानंतर

हा स्टिरिओ रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच डब्यात. जास्त वर्णन करत बसत नाही. १९७६ च्या सुमाराचा, चॅनेलमागे ५० वॅट. ज्यांच्याकडे आहे त्यांना सगळं पाठ असतं. माझा अमेरिकेतला, म्हणजे १२० व्होल्टवाला. काकांनी तिकडून परत येताना आणला आणि तेव्हापासून सांगलीत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतोय. वडील त्यावर १२५१ लावून सांगली आकाशवाणी ऐकायचे.

गेल्या पावसाळ्यात डावा चॅनेल जायला लागला. आवाज मोठा केला की यायचा, कमी केला की पुन्हा गुल. हे लक्षण दिसलं तर आउटपुट ट्रान्झिस्टर उडाला म्हणून घाबरू नका. बहुतेक वेळा स्पीकर जोडणाऱ्या रिलेचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या आतल्या स्विचचे, पॉइंट काळे पडलेले असतात. हळू आवाजात त्या काळ्या थरातून सिग्नल नीट जात नाही, मोठ्या आवाजाचा जोर मात्र तो थर भेदून जातो. पॉलिश पेपरने घासून चार दिवस चालेल, पण पॉइंटवरचा मुलामा निघतो आणि दुखणं वाढतं. कॉइलचा व्होल्टेज बघून सरळ नवा रिले टाकावा. मिरजेचे आमचे मेकॅनिक दादा तेवढं करून सेट बंद करत होते. मीच म्हटलं, झाकण काढलंय तर सगळे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर (वीज साठवणारे, डबीसारखे पार्ट) बदलूनच टाका.

आत जे दिसलं त्याने मी हबकलो. कंडेन्सर हलू नयेत म्हणून कंपनीने त्या काळी बुडाशी डिंक लावलेला असतो. नवा असताना तो पिवळट असतो, पण इतक्या वर्षांच्या उष्णतेने काळपट तपकिरी होतो, ओल धरतो आणि शेजारच्या तारा खायला लागतो. आमच्या सेटमध्ये एका रेझिस्टरची तार चिमट्याने हलवली तशी तुटून हातात आली. कृष्णेकाठची दमट हवा, आणखी काय होणार? दादांनी तो डिंक लाकडी काडीने कण कण खरवडून काढला. बाकी काही करा न करा, हे काम आधी करून घ्या.

आता चीड आणणारी गोष्ट. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून नामांकित जपानी कंपनीचे, १०५ डिग्रीपर्यंत उष्णता सोसणारे म्हणून कंडेन्सर मागवले. दादा लावण्याआधी प्रत्येक पार्ट मीटरवर बघतात. मोठ्या नगांची कपॅसिटी छापल्याच्या निम्म्याने! एकाचं वेष्टण सोललं तर आत दुसऱ्याच नावाचं, कमी व्होल्टेजचं वेष्टण. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "बाकी कुणाची तक्रार नाही." पैसे आजपर्यंत परत आलेले नाहीत. गरिबाने जुना सेट जपायचा तो असाच का? कमी व्होल्टेजचा कंडेन्सर पॉवर सप्लायवर बसला असता तर फुटून शेजारचा बोर्डही नासला असता. पुढचे पार्ट अधिकृत वितरकाकडून घेतले. पैसे जास्त गेले, पण मीटरवर सगळे बरोबर उतरले.

पॉवर सप्लायचे डब्यासारखे दोन मोठे जुने कंडेन्सर मात्र दादांनी मोजून सांगितलं, "हे ठणठणीत आहेत, कशाला काढता?" ऐकलं. हजार-बाराशे वाचले आणि आजही सेटला हम (घुमणारी गुणगुण) नाही. फोनोच्या, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या, बोर्डवर २एसए७२६ हे ट्रान्झिस्टर होते. त्या काळच्या जपानी सेटमध्ये ते खरखरीसाठी बदनाम आहेत. तिथे केएसए९९२ लावले आणि रेकॉर्डमागची खर्र खर्र थांबली. पहिल्यांदा चालू करताना सिरीज लॅम्प, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब, लावूनच करा, १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब पुरतो. नंतर बायस (आवाज नसताना आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट) सेट करून घ्या.

इथवरचं मत मी दोन महिन्यांनीच लिहिलं असतं आणि पहिला नंबर रिलेला दिला असता. पण त्यानंतर जे झालं त्याने ते बदललं. एफएम लावलं की आवाज गोधडीआडून येतोय असं मला कायम वाटायचं. टेपवर, रेकॉर्डवर तसं नाही, फक्त एफएमवर. अँटेना बदलली, फरक नाही. दादांनी एके दिवशी विचारलं, "सेट अमेरिकेचा ना? मग डी-एम्फसिस बघू या."

भानगड अशी की एफएम स्टेशन बारीक, तीव्र स्वर मुद्दाम चढवून पाठवतं आणि सेट तेवढेच उतरवून घेतो. त्याचं माप अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद, भारतात ५०. म्हणजे आमचा सेट इतकी वर्षं गरजेपेक्षा जास्त उतरवत होता. १० किलोहर्ट्झला हा फरक तीन डेसिबलच्या वर जातो. स्टिरिओ डिकोडरच्या (एफएमचा डावा-उजवा आवाज वेगळा करणाऱ्या भागाच्या) पुढचे दोन छोटे कंडेन्सर काढून दोन-तृतीयांश कपॅसिटीचे फिल्म कंडेन्सर बसवले. खर्च वीस रुपयांच्या आत. दोन्ही बाजूंचे नग मीटरवर जुळवून घेतले, नाहीतर डावं-उजवं वेगळं वाजतं.

आणि काय सांगू! निवेदिकेचा 'स' आणि 'श' वेगळे कळायला लागले. तबल्याचा चाटेवरचा 'ना' टणकन येतो, तंबोऱ्याची जवार पसरलेली ऐकू येते. ट्रेबलचं बटण मी आधी तीनपर्यंत चढवून ठेवायचो, आता मधोमध असतं. सगळ्या पार्टांवर मिळून जितका खर्च झाला त्याच्या शंभराव्या भागातही हे काम बसतं, आणि रोज कानाला जाणवतं ते हेच. अमेरिकेहून आलेला जुना सेट कुणाकडे असेल तर मेकॅनिकला हा एक प्रश्न विचाराच. मागच्या बाजूला ५०-७५ चा स्विच असेल तर तेवढाही खर्च नाही, स्विच फिरवला की झालं.

डायलचे फ्यूजच्या आकाराचे दिवे मी बदललेले नाहीत. एलईडी थंड राहतात, वीज कमी खातात, हे मान्य. पण पांढरट एलईडीने डायलचा रंग फिका पडलेला एका ओळखीच्यांकडे बघितलाय. एक दिवा गेला आहे, तसलाच दुसरा शोधतोय. कुणाच्या दुकानात पडून असेल तर कळवा, दोन घेईन.