अमेरिकेहून आलेला डेक्ट ६.० की इथला २.४ गिगाहर्ट्झ कॉर्डलेस?

घरात लँडलाइन अजून सुरू असेल आणि आई-बाबांसाठी कॉर्डलेस हवा असेल, तर निवड बहुतेक या दोन फोनांतच अडते. एक म्हणजे अमेरिकेतल्या मुलाने किंवा बहिणीने बॅगेतून आणलेला डेक्ट ६.०, म्हणजे तिकडचा डिजिटल कॉर्डलेस, दुसरा इथल्या दुकानातला २.४ गिगाहर्ट्झचा. माझं माप दुसऱ्याच्या बाजूला झुकतं, पण पहिल्याचे गुण आधी मान्य करायला हवेत.

आवाजाच्या बाबतीत डेक्ट ६.० सरस वाटतो. वाय-फायशी त्याची टक्कर होत नाही. २.४ वाल्याची मात्र होते, कारण २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यात वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन सगळेच दाटीने बसलेले. त्यातच हा फोन बोलताना पट्टाभर उड्या मारत राहतो, म्हणून राउटरचा चॅनेल १ वरून ६ किंवा ११ वर नेऊनही पूर्ण सुटका होत नाही. फायबरच्या राउटरला बेस (लाइनला जोडलेला, हँडसेट ठेवायचा डबा) चिकटून ठेवलात तर कानात टकटक ऐकू येते आणि तिकडे व्हिडिओ अडकतो. बेस दीड-दोन मीटर लांब ठेवा, टीव्ही आणि लॅपटॉप वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर टाका. माझ्या अनुभवात एवढ्याने भागतं.

मला मात्र डेक्ट ६.० नकोसा झाला तो त्याच्या कोऱ्या पडद्यामुळे. आपल्याकडच्या तांब्याच्या लाइनवर बऱ्याच ठिकाणी एक्स्चेंज कॉल करणाऱ्याचा नंबर पहिल्या रिंगच्या आधी डीटीएमएफ सुरांत पाठवतं, म्हणजे बटण दाबल्यावर ऐकू येतात तेच सूर. अमेरिकन फोन वाट बघतो ती पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या एफएसके संदेशाची, म्हणजे दोन सुरांत भराभर अदलाबदल करून पाठवलेल्या माहितीची. सूर येऊन गेलेले असतात, त्याला पत्ता नसतो. फोन खणखणतो आणि नंबराची जागा रिकामी. बँकेच्या नावाने फसवणारे फोन सर्रास येत असताना वयस्कर माणसाच्या हातात असा फोन देणं मला पटत नाही. सेटिंगमध्ये शोधूनही उपयोग नाही. असे सूर ओळखण्याची सोय त्या फोनांत सहसा नसतेच. इथल्या फोनच्या खोक्यावर ‘एफएसके/डीटीएमएफ’ असं दोन्ही छापलेलं असतं, ते बघूनच घ्यावा. फायबरच्या लाइनवर नंबर कोणत्या पद्धतीने यायचा हे राउटरच्या सेटिंगवर ठरतं. तिथे कदाचित अमेरिकन फोनही नंबर दाखवेल.

नंबर दिसला तरी नियमाचा प्रश्न उरतोच. नावातला ६.० म्हणजे ६ गिगाहर्ट्झ नव्हे. हा फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो. अमेरिकेत तो पट्टा अशा फोनांना मोकळा आहे, आपल्याकडे नाही. २१०० च्या मोबाइल बँडमध्ये १९२० ते १९८० हा भाग मोबाइलने टॉवरशी बोलण्याचा. डेक्टचा बेस तर हँडसेट जागेवर ठेवलेला असतानाही चोवीस तास संकेत सोडत राहतो, आणि टॉवरचा कान अगदी क्षीण लहरींसाठी लावलेला असतो. समोरच्या गच्चीवर टॉवर असेल तर त्रास आपल्याला नाही, आजूबाजूच्यांना होऊ शकतो. जर्मनीतही अमेरिकन डेक्ट ६.० वर याच कारणाने बंदी आहे. परवाना किंवा सूट नसलेलं बिनतारी यंत्र जवळ बाळगू नये, हे १९३३ च्या कायद्यापासून चालत आलंय. २.४ गिगाहर्ट्झच्या कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ च्या नियमांनी ती सूट दिली. माळ्यावरचा जुना ९०० मेगाहर्ट्झचा अमेरिकन फोनही बाहेर काढू नका. ९०२ ते ९२८ मधला खालचा भाग इथल्या मोबाइलचाच आहे.

त्यात अ‍ॅडॉप्टर. तिकडचा १२० व्होल्टचा. इथल्या २३० वर लावला की जळालाच. अपवाद एकच, त्यावर १००–२४० छापलेलं असेल तर.

पुढची काळजी कुठल्याही कॉर्डलेसला लागू. हँडसेटमध्ये १.२ व्होल्टचे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलच घाला. भिंतीवरच्या घड्याळातले साधे अल्कलाइन सेल बसतात, पण चार्जिंगला लागले की तापतात, गळतात, फुटूही शकतात. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागण्याआधी बेसची पिन आणि टेलिफोनची वायर दोन्ही काढा. नुसती पिन काढून भागत नाही, तांब्याच्या लाइनवरूनही झटका आत येतो. लाइट गेले की बेस मुका होतो, म्हणून तांब्याच्या लाइनवर एक साधा वायरचा फोन जोडून ठेवा. ११२ लावायची वेळ आलीच तर तोच चालेल. फायबरवर राउटरही बंद पडतो, तिथे राउटरला आणि बेसला मिळून एक छोटा यूपीएस लागेल.

घरात आधीच येऊन पडलेला डेक्ट ६.० परत जाणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेत घालावा, तिथे तो उत्तम चालेल. आतले सेल ट्रिपल-ए मापाचे आणि धड असतील तर तेवढे काढून ठेवा, इथल्या बऱ्याच हँडसेटना तेच लागतात.