जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प पहिल्यांदा चालू करताना: सिरीज बल्ब की डिमरस्टॅट?

वर्षानुवर्षं पडून असलेला व्हॉल्व्हचा (व्हॅक्यूम ट्यूबचा) गिटार अ‍ॅम्प हाती आला की तो थेट प्लगमध्ये खुपसू नये, एवढं बहुतेकांना माहीत असतं. सल्ल्यांना फाटे फुटतात ते त्यानंतर. कोणी म्हणतं मेन्सच्या वायरमध्ये सिरीजमध्ये बल्ब लाव, कोणी म्हणतं डिमरस्टॅटवर, म्हणजे नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, हळूहळू व्होल्टेज चढव. दोहोंपैकी एकच घ्यायचं असेल तर बल्बचा बोर्ड घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. डिमरस्टॅट चांगलं यंत्र आहे, पण लोक त्याच्याकडून ज्या संरक्षणाची अपेक्षा ठेवतात ते त्यात नसतं.

पडून राहिलेल्या अ‍ॅम्पमध्ये सगळ्यात आधी बिघडतात ते पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्यांच्या आत अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. वीज न मिळता वर्षं गेली की तो थर कमजोर होतो, आणि एकदम ४०० व्होल्ट आले की कंडेन्सरमधून भरमसाट करंट वाहू लागतो. कंडेन्सर तापतो, कधी फुटतो, आणि रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा) किंवा पॉवर ट्रान्सफॉर्मरही सोबत जातो. कंडेन्सर नवा घालता येतो. साठच्या दशकातल्या फेंडर किंवा मार्शलचा मूळ ट्रान्सफॉर्मर जळाला तर तो परत मिळत नाही. म्हणजे आवर घालायचा आहे तो करंटला.

बल्ब नेमकं हेच करतो. २३० व्होल्टच्या १०० वॉटच्या फिलामेंटच्या बल्बचा रोध पूर्ण पेटल्यावर सुमारे ५३० ओहम असतो आणि थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. अ‍ॅम्प नीट असेल तर बल्ब मंदच राहतो आणि बहुतेक व्होल्टेज पुढे जाऊ देतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि काहीही झालं तरी ०.४३ अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊ शकत नाही. मिक्सर, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर असा सिरीज बोर्ड असतोच. होल्डर, सॉकेट, स्विच आणि वायर मिळून काही शे रुपयांत काम होतं. बल्ब फेजच्या वायरमध्येच घ्या आणि अर्थिंगची वायर कुठेही न तोडता सरळ अ‍ॅम्पपर्यंत न्या. एलईडी किंवा सीएफएल चालणार नाही, फिलामेंटच हवं. हॅलोजन चालतो. पाच-दहा वॉटच्या छोट्या अ‍ॅम्पला ६० वॉटचा बल्ब, वीस-तीस वॉटच्याला १००, शंभर वॉटच्या मार्शलला २००, असा साधारण हिशोब ठेवा.

बल्ब बोलतो, म्हणून तो मला जास्त आवडतो. आधी सगळे व्हॉल्व्ह काढून स्विच टाका. बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा जेमतेम लाल राहिला तर पॉवर ट्रान्सफॉर्मर बहुधा ठीक आहे. मग अ‍ॅम्प बंद करून व्हॉल्व्ह बसवा, स्पीकर जोडा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि पुन्हा चालू करा. हीटर (व्हॉल्व्हच्या आतली तापणारी तार) थंड असल्यामुळे बल्ब सुरुवातीला जोरात पेटेल, हीटर तापतील तसा मंदावेल, आणि आउटपुट व्हॉल्व्ह करंट घेऊ लागले की पुन्हा किंचित उजळेल. हा क्रम दिसला की निम्मी काळजी मिटली. बल्ब भगभगीत पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा, रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढा आणि पुन्हा पाहा. आता मंदावला तर दोष रेक्टिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे, म्हणजे कंडेन्सरमध्ये किंवा आउटपुट व्हॉल्व्हमध्ये. एवढं निदान मीटर हातात न घेता होतं.

बल्बची मर्यादाही आहे. तो मध्ये असताना अ‍ॅम्पला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही, त्यामुळे बायस (आउटपुट व्हॉल्व्ह आवाज नसताना किती करंट घेतो, ते ठरवणारी जुळणी) मोजणं किंवा आवाजाबद्दल मत बनवणं निरर्थक. ती कामं बल्ब काढल्यावर.

डिमरस्टॅट म्हणजे फिरत्या ब्रशचा ऑटोट्रान्सफॉर्मर. शून्यापासून साधारण २७० व्होल्टपर्यंत हवं ते व्होल्टेज देतो, किंमत काही हजार रुपये. तो व्होल्टेज कमी करतो, करंट रोखत नाही. आत शॉर्ट असेल तर ६० व्होल्टवरही ट्रान्सफॉर्मर तापवण्याइतका करंट तो आनंदाने पुरवेल, आणि सोबत अँपिअर मीटर नसेल तर तुम्हाला धूर येईपर्यंत कळणार नाही.

त्याचा खरा उपयोग जुने कंडेन्सर हळूहळू पुन्हा तयार करण्यासाठी, म्हणजे त्यांचा ऑक्साइडचा थर परत धरवण्यासाठी, सांगितला जातो. पण व्हॉल्व्ह रेक्टिफायर असलेल्या अ‍ॅम्पमध्ये, उदाहरणार्थ मार्शल जेटीएम४५ किंवा व्हॉक्स एसी३० मधला जीझेड३४, हे जमत नाही. डिमरस्टॅट खाली असताना रेक्टिफायरचा ५ व्होल्टचा हीटरही अर्धवट तापलेला असतो, व्हॉल्व्ह वाहतच नाही. तुम्ही तासभर संयमाने नॉब फिरवत राहता, कंडेन्सरवर जवळपास काही नसतं, आणि अर्ध्याच्या पुढे कुठेतरी एकदम शेकडो व्होल्ट येतात. यावर उपाय म्हणून रेक्टिफायरच्या जागी तात्पुरते सिलिकॉन डायोड लावतात. तिथे दुसरा सापळा आहे: बाकीचे व्हॉल्व्ह काढलेले असतात, लोड नसतो, आणि ३५०-०-३५० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर कंडेन्सर एसीच्या शिखरापर्यंत, म्हणजे ३५० च्या १.४१ पट, ४९५ व्होल्टपर्यंत चढतो. त्याच्यावर ४५० लिहिलेलं असेल तर वाचवायला निघालेला कंडेन्सर आपणच मारला. म्हणून मीटर कंडेन्सरवर लावून, त्याच्या छापील आकड्याच्या आतच थांबायचं.

शिवाय वाजवायच्या अ‍ॅम्पमध्ये चाळीस-पन्नास वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक ठेवूच नयेत, असं मला वाटतं. नवे घाला, जुने डब्यात जपून ठेवा. संग्रहासाठी अ‍ॅम्प मूळ स्वरूपातच राखायचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डिमरस्टॅट कामाला येतो. पण तेव्हाही त्याच्यापुढे बल्ब लावूनच.

अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प डिमरस्टॅट १२० वर ठेवून रोज चालवणारेही भेटतात. हे करू नका. नॉबला कोपर लागलं की संपलं, आणि ऑटोट्रान्सफॉर्मरची न्यूट्रलची बाजू आत तुटली तर पूर्ण २३० पुढे जातात. वेगवेगळ्या वाइंडिंगचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. बल्ब त्याच्या २३० च्या बाजूला. ब्रिटिश अ‍ॅम्प असेल तर मागची व्होल्टेज निवडायची चकती आधी पाहा.

नवा किंवा रोज वाजणारा अ‍ॅम्प असेल तर दोन्हींची गरज नाही. स्पीकर जोडलेला आहे आणि फ्यूज योग्य आहे, एवढं पाहून चालू करा.

बल्ब काय, डिमरस्टॅट काय, दोन्ही अ‍ॅम्पला वाचवतात, तुम्हाला नाही. आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात. चासीला (आतल्या धातूच्या चौकटीला) हात लावण्याआधी १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने कंडेन्सर रिकामे करा आणि मीटरवर शून्य दिसल्याची खात्री करा. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजताना एक हात खिशात. जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पला दोन पिनांची वायर आणि मेन्सपासून चासीला जोडलेला छोटा कंडेन्सर असतो. तो कंडेन्सर काढून तीन पिनांची अर्थिंगसह वायर बसवा, बल्ब लावायच्याही आधी. गिटारच्या तारा चासीलाच जोडलेल्या असतात. ३ मे १९७२ रोजी स्वानसीमध्ये स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच मरण पावला.

एका जातीच्या अ‍ॅम्पला वेगळा नियम आहे: पॉवर ट्रान्सफॉर्मरच नसलेले स्वस्त अमेरिकन अ‍ॅम्प, ज्यांत ३५डब्ल्यू४ आणि ५०सी५ असे व्हॉल्व्ह हीटर सिरीजमध्ये जोडून थेट मेन्सवर चालतात. त्यांचं सर्किट मेन्सला थेट जोडलेलं असतं. तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर कायमचा बसवल्याशिवाय गिटार जोडू नका.