शृंगारकथा लिहून कमवायचे असेल तर: मानधनाचे काम की स्वतःचे ई-पुस्तक?

कोल्हापुरात राहून शृंगारकथा लिहाव्यात आणि त्यातून नियमित पैसे मिळवावेत, असा विचार करणाऱ्यापुढे आज प्रामुख्याने दोन वाटा आहेत. ऑडिओ किंवा वाचनाच्या ॲपसाठी शब्दांवर अथवा भागांवर ठरलेल्या मानधनाने लिहिणे ही एक, आणि टोपणनावाने स्वतःचे ई-पुस्तक किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, प्रकाशित करणे ही दुसरी. दोन्हींची तुलना बहुतेक जण पहिल्या महिन्यात हाती येणाऱ्या रकमेवरून करतात. मला ती कसोटी अपुरी वाटते. पाच वर्षांनी कथा आणि तिच्यावरचे नाव कोणाच्या ताब्यात असेल, हे आधी पाहिले पाहिजे.

मानधनाच्या कामात पैसा लवकर दिसतो, हे खरेच आहे. संपादक भागाची लांबी ठरवून देतो, भाग कोठे तोडायचा आणि प्रणयप्रसंग कितव्या भागात यायला हवा हेही सांगतो, आणि भाग मंजूर झाला की बिल पाठवता येते. नवख्या लेखकाला यातून शिस्त लागते. ऐकणाऱ्यासाठी लिहिताना संवाद आणि शरीराचा उल्लेख या दोन्हींत किती संयम लागतो, हेही तो येथेच शिकतो. मात्र कथा गाजली तरी मानधन वाढेलच असे नाही, आणि मागणी थांबली की काम त्याच आठवड्यात थांबते.

ई-पुस्तकाचे गणित उलटे आहे. किंडलवर मराठी पुस्तक प्रकाशित करण्यास शुल्क नाही. रॉयल्टीचे दर ३५ आणि ७० टक्के असे दोन आहेत; पण भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर ते ई-पुस्तक ९० दिवस अन्य कोठेही न विकण्याची अट मान्य करावी लागते. पैसे विक्रीचा महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी जमा होतात. अमेरिकेतील विक्रीच्या रॉयल्टीवर तेथे कर कापला जातो, आणि पॅन देऊन कराची माहिती नीट भरली तर भारत-अमेरिका करारामुळे तो ३० ऐवजी १५ टक्के लागतो. यात मोठी अडचण प्रसिद्धीची आहे. कामुक पुस्तकांची जाहिरात ॲमेझॉनवर देता येत नाही, आणि मुखपृष्ठ किंवा शीर्षक उत्तान असल्यास पुस्तक शोधयादीत मागे टाकले जाऊ शकते. त्यामुळे एका पुस्तकावर संसार चालत नाही. मालिका उभी राहीपर्यंत नोकरी सोडू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

हक्कांच्या बाबतीत मात्र दोन्ही वाटांतील अंतर फार मोठे आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच होते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. हे संरक्षण लेखकाच्या बाजूचे आहे, पण छापील करारात ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’ असे शब्द आले की ते संपते. ई-पुस्तकात हक्क लेखकाकडेच राहतात. टोपणनावाने प्रकाशित झालेल्या कृतीचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि त्या मुदतीत लेखकाची ओळख उघड झाली तर तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत जातो.

आता गुप्ततेचा प्रश्न, जो कोल्हापुरात पुण्या-मुंबईपेक्षा अधिक टोकदार आहे. राजारामपुरीतील ओळखीच्या डीटीपी केंद्रात हस्तलिखित टाइप करायला दिले, तर ते संध्याकाळपर्यंत कोणाकोणाच्या नजरेखालून जाईल, याचा नेम नाही. म्हणून स्वतः युनिकोडमध्ये टाइप करणे ही या व्यवसायाची पहिली अट समजावी. किंडलवर वाचकाला टोपणनाव दिसते, खाते मात्र पॅनवरील खऱ्या नावाने असते. मानधनाच्या कामातही कंपनीकडे खरे नाव जातेच, शिवाय ते संपादक आणि हिशेबनीस अशा माणसांच्या हातांतून जाते. मंगळवार पेठेतल्या एकत्र कुटुंबात बँकेचे पासबुक भाऊ भरून आणत असेल, तर पैसे पाठवणाऱ्याचे नाव त्यात छापून येते. वेगळे खाते आणि वेगळा ई-मेल कथेच्या आधी उघडावा.

कायदा दोन्ही वाटांना सारखाच लागू आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ अश्लील साहित्याच्या विक्रीला पहिल्या गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. इलेक्ट्रॉनिक स्वरूपासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ नुसार ती तीन वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत आहे. मराठी लेखकाने ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ कथेचा खटला जरूर वाचावा. कथेचे लेखक चंद्रकांत काकोडकर यांना उच्च न्यायालयाने दोषी ठरवले होते, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. २०१४ पासून न्यायालये समकालीन समाजाची कसोटी लावून संपूर्ण कृती पाहतात, तुटक उतारा पाहत नाहीत. हा मोठा दिलासा आहे. तरीही निकाल लागेपर्यंतची वर्षे आणि वकिलाचा खर्च लेखकालाच सोसावा लागतो. १८ वर्षांखालील पात्राचा कामुक प्रसंग मात्र कोणत्याही सबबीखाली लिहू नये. तेथे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, मुलांच्या कामुक चित्रणाला शिक्षा देणारे कलम ६७ ब आहे, आणि तेथे वाद घालावा असे मला वाटतही नाही.

मानधनाच्या करारात ‘तक्रार आल्यास नुकसानभरपाई लेखक देईल’ अशा अर्थाचे कलम बहुधा शेवटच्या पानांवर असते. कथेचा आराखडा कंपनीने ठरवायचा, त्यावर मान्यतेची मोहोर कंपनीने उठवायची, आणि जबाबदारी मात्र एकट्या लेखकावर ढकलायची, हे मला अन्याय्य वाटते.

घरभाडे आणि मुलांची फी याच महिन्यात भरायची असेल, तर मानधनाचे काम घ्यावे, पण हक्कांची मुदत पाच वर्षांपेक्षा अधिक ठेवू नये आणि नुकसानभरपाईचे कलम निदान मिळालेल्या मानधनाच्या रकमेपुरते मर्यादित करून घ्यावे. ज्याची नोकरी किंवा दुकान चालू आहे, त्याने ई-पुस्तकाचीच वाट धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मानधनाच्या करारात मुदत आणि नुकसानभरपाई यांबाबतचा एकही बदल कंपनी मान्य करत नसेल, तर तिला नव्याने बेतलेली कथा द्यावी. ज्या पात्रांवर पुढे स्वतःची मालिका उभी करायची आहे, ती पात्रे तिच्या करारात जाऊ देऊ नयेत.