वॉरियर्सचा २०१९-२० चा सीझन: हरणाऱ्या संघाची तिकिटं काढावीत का?

गोल्डन स्टेट वॉरियर्स हा एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला आमचा संघ. त्यांच्या जुन्या घरी, ओकलंडच्या ओरॅकल अरीनात, आम्ही पाच वर्षांत एकदाच गेलो. संघ सलग पाच फायनल (सात सामन्यांपर्यंत चालणारी मालिका) खेळत होता, २०१५, २०१७ आणि २०१८ ची विजेतेपदं घरात होती. तिकिटांचे आकडे बघायचे, लॅपटॉप मिटायचा आणि सोफ्यावर बसून मॅच बघायची, हेच चालायचं.

२०१९ च्या उन्हाळ्यात सगळंच पालटलं. संघाचे मोठे खेळाडू पांगले: ड्युरांट ब्रुकलिनच्या संघात गेला, इग्वोडालाला मेम्फिसच्या संघात धाडलं. क्ले थॉम्प्सनचा गुडघा जूनमध्ये फायनलच्या शेवटच्या सामन्यातच गेला होता. संघ सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या चेस सेंटरमध्ये आला आणि ३० ऑक्टोबरला फिनिक्स सन्सविरुद्ध संघाचा सगळ्यात मोठा तारा स्टीफन करी याचा डावा हात मोडला. रीसेलला, म्हणजे लोक आपली तिकिटं पुन्हा विकतात तिथे, भाव एकदम उतरले. मी लगेच चार काढली. बाबा तेव्हा फ्रीमाँटला आमच्याकडे आले होते. म्हणाले, "अगं, करीच नाही तर पैसे कशाला घालवतेस?"

४ नोव्हेंबर, पोर्टलंडशी सामना. बार्ट या लोकल रेल्वेनं एंबार्कडेरो स्टेशन, तिथून मुनीची, म्हणजे शहराच्या ट्रामची, टी लाइन. मॅचच्या तिकिटावर मुनीचा प्रवास फुकट, ही सोय फार चांगली. त्या रात्री एरिक पास्कल खेळला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, ४१वा निवडलेला पोरगा, त्याच दिवशी त्याचा वाढदिवस. ३४ गुण, १३ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा परतलेला चेंडू पकडणं). खांदा पुढे घालून, दोघांच्या मधून वाट काढत तो रिंगखाली शिरायचा. बाबांना बास्केटबॉलचे नियम जेमतेम ठाऊक, पण दुसऱ्या क्वार्टरमध्येच ते म्हणाले, "हा पक्का चढाईचा गडी आहे!" आपण १२७-११८ जिंकलो. लेक क्लेची ११ नंबरची जर्सी घालून आली होती, तिचा घसा बसला.

त्यानंतर आणखी चार वेळा गेलो, त्यातले तीन सामने हरलो. तरी माझे पैसे वाया गेले असं मला एकदाही वाटलं नाही. पोरं धडपडताना दिसतात. जॉर्डन पूल विशीतला, शॉट जेमतेम तीनात एक पडायचा, पण पुढचा मारायला हात आखडता घ्यायचा नाही. मॅचआधी तासभर लवकर जा आणि ही मुलं सराव करताना बघा, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे.

५ मार्चला करी परतला, समोर टोरंटो रॅप्टर्स, म्हणजे २०१९ च्या फायनलमध्ये ओरॅकलमधला शेवटचा सामना जिंकून गेलेलेच. त्यानं २३ गुण केले, आपण १२१-११३ हरलो, पण त्याचं नाव पुकारलं तेव्हा त्या इमारतीत मला पहिल्यांदा ओरॅकल ऐकू आलं. सहा दिवसांनी कोरोनामुळे लीगच थांबली. संघ १५-५० वर राहिला, सगळ्या लीगमध्ये तळाला.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो क्लेसाठी, तो सबंध सीझन खेळला नाही आणि लेकीनं जर्सी मात्र दर वेळी घातली.

२०२२ च्या फायनलला, बॉस्टन सेल्टिक्सविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात, तिसरा क्वार्टर संपता संपता पूलनं मैदानाच्या मध्याजवळून थ्री (तीन गुणांचा लांबचा शॉट) मारला. मिनिटभरात बाबांचा भारतातून फोन, तिकडे सकाळ होती.

"हा तोच ना गं, नेम चुकायचा तो?"

"तोच, बाबा."