पेन्शन ५८ ला घ्यावी की ६० पर्यंत थांबावं?

शिरोलीच्या फाउंड्रीतनं रिटायर व्हायला आलेली मंडळी भेटली की हमखास विचारतात, "आण्णा, ईपीएस-९५ ची पेन्शन ५८ ला सुरू करू की ६० पर्यंत थांबू?" ही पीएफवाल्या कामगारांची पेन्शन योजना. थांबलं की वर्षाला ४ टक्के वाढीव, दोन वर्षांचे ८. पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण ५८ च्या अलीकडच्या प्रत्येक वर्षामागं ४ टक्के कायमचे कापतात. अगदीच नड असेल तरच तिकडं वळा.

मी २०१९ ला, ५८ पुरी होताच घेतली. २,६४० रुपये बसली. माझ्याबरोबर मोल्डिंगला असलेला दोस्त थांबला. मी थांबलो असतो तर महिन्याला २११ रुपये जादा आले असते, पण हातात आलेले दोन वर्षांचे ६३,३६० गेले असते. २११ नं ते भरून निघायला ३०० महिने, म्हणजे वयाची पंच्याऐंशी गाठावी लागते. उभी हयात भट्टीपुढं गेलेल्या माणसानं एवढं लांबचं धरून चालावं, असं मला वाटत नाही.

तरी माझं ठरलं ते वेगळ्याच गोष्टीवर. ही पेन्शन वाढत नाही. माझ्या पासबुकात डेअरीचं दूधबिलही जमा होतं. दुधाचा दर थोडाफार हलतो, पेंडीचा तर हलतोच. पेन्शनची ओळ मात्र २,६४०, पुढच्या महिन्यात परत २,६४०. सरकारी पेन्शनरला महागाई भत्ता आहे, आम्हाला नाही. गोठलेला आकडा दोन वर्षं उशिरा घेऊन काय साधायचं?

या पेन्शनीचा विचार करणाऱ्या राज्यसभेच्या कोश्यारी समितीनं २०१३ लाच किमान ३,००० आणि वर महागाई भत्ता सुचवला होता. २०१४ च्या सप्टेंबरात किमान पेन्शन १,००० झाली आणि दहा वर्षं उलटली तरी तिथंच राहिली. आता मागणी ७,५०० आणि भत्त्याची आहे. पगाराच्या मालकाचे ८.३३ आणि सरकारचे १.१६ टक्के जमा होतात, एवढ्यावर पेन्शन फंडाला हे झेपत नाही, असं सरकार म्हणतं. असेलही. मग बजेटमधनं भर घाला, ही आमची मागणी रास्तच आहे. पण बघा, उद्या किमान ७,५०० झालीच तर २,६४० वाला आणि थांबून २,८५१ घेणारा एकाच ओळीत येणार, थांबलेली दोन वर्षं वाया. नुसता भत्ता जोडला, तर मात्र थांबलेल्याला थोडा फायदा राहील.

ज्याची नोकरी चालू आहे किंवा पेन्शनला लागणारी १० वर्षांची सर्व्हिस भरायची आहे, त्याचं गणित निराळं. त्यानं जरूर थांबावं. बाकीच्यांनी ५८ च्या आधीच आधार, पासबुक आणि पीएफवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. माझा १०-डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, आडनावातल्या एका वेलांटीपायी तीन महिने अडकला होता.